मधली भिंत कोणाची

"विनोदिनी, त्या भिंतीला पाळणा लावू नकोस गं. पोट फुगलंय तिचं," पलीकडच्या खोलीतल्या उमाबाई म्हणाल्या होत्या. विनोदिनीने ते हसण्यावारी नेलं. शिकलेली ना! म्हाताऱ्या माणसांना जिकडेतिकडे पडझडच दिसते, असं तिला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मातीचा भलामोठा पोपडा पाळण्यात कोसळला. बाळ मांडीवर होतं, म्हणून वाचलं.

नंतर दरबारचा हुकूम निघाला : धर्मादाय खोल्यांच्या मालकांनी पडक्या भिंती बांधाव्यात, नाहीतर दंड भरावा. त्यासाठी आज तपासनीस आला. त्याच्यापुढे मालक प्रतापराव, प्रतापरावांपुढे त्यांचं पोट. ह्या गृहस्थाने पुण्य लागावं म्हणून गरिबांसाठी खोल्या बांधल्या. चुना मात्र दर्शनी भिंतींपुरताच पुरला.

"झकास आहे की सगळं!" तपासनीस बाहेरूनच म्हणाला.

"आत या. ही भिंत बघा," विनोदिनी दाराआडून म्हणाली. "मग पलीकडे उमाबाईंकडे चला."

प्रतापराव खो खो हसले. "बाईसाहेब, देवासला दोन राजे. इकडे थोरली पाती, तिकडे धाकटी. उमाबाई दुसऱ्या राजाच्या रयत."

"सही बात है भिया, वो हमारी हद नहीं," तपासनिसाने मान डोलावली.

"तिकडचे तपासनीस आले, तेव्हा भिंत इकडची आहे म्हणालात!"

"भिंतच तर हद्द आहे. ती कोणाची, हे अजून ठरायचंय."

"आणि पडताना ती विचारणार आहे का, कोणत्या राजाच्या माणसावर पडू?"

तपासनिसाने तोंडात विडा कोंबला. आता त्याला बोलताच येईना, सोय झाली.

"शिकलेल्या बायकांना जीभ फार," प्रतापराव म्हणाले आणि दोघे पंगतीला उशीर झाल्यासारखे चालू लागले.

पुढे तिच्या नवऱ्याला धारला नोकरी लागली. निघताना विनोदिनी वळसा घालून उमाबाईंकडे गेली. "चला आमच्याबरोबर."

"वेडी का तू? परक्या गावी मी कोणाच्या चुलीशी बसू?" म्हातारी म्हणाली. तिने बाळाच्या गालावर तीट लावली.

धारच्या घराच्या भिंती दगडी आहेत. तरी विनोदिनी रोज त्यांना हात लावून बघते. देवासकडे जाणारं कोणी भेटलं की तिचं एकच मागणं असतं, आणि ते तुमच्याकडेही आहे : प्रतापरावांच्या खोल्यांच्या मागच्या बोळात जा. उमाबाईंना हाक मारा. ऐकू कमी येतं त्यांना. ओ आली नाही, तर दार ढकलून आत बघा.