माणसाळलेला पिरोजा

खडे घासायचं चाक थांबवून तिने खडा फडक्याने पुसला. अर्धी बाजू अजून शेवाळी हिरवी होती. जिथे घासला होता तिथे मात्र स्वच्छ निळा रंग उघडा पडला होता. तिला इतका आनंद झाला की ती खिडकीपाशी बसलेल्या वडिलांना जवळजवळ ओरडूनच म्हणाली,

"बाबा, खरा निघाला! अस्सल पिरोजा आहे."

बाबांची नजर गेली होती, पण हात अजून कारागिराचेच होते. त्यांनी खडा ओठांना लावून गारवा पाहिला, मग त्यावरून अंगठा फिरवला. घासलेल्या जागी अंगठा थांबला.

"घासलास?"

"मास्तरांनीच सांगितलं ना, खरा की खोटा ते बघा म्हणून."

"मग मला विचारायचंस. माणसाळलेला खडा कुणी घासतं का?"

हा शब्द ती लहानपणापासून ऐकत आली होती. बाबा खड्यांबद्दल सोयरीक जमवायला बसल्यासारखे बोलत. तामडा तापट, अकीक सोशिक, चंद्रकांत जरा नाटकी. पिरोज्याला माणसाळलेला म्हणणं हे त्यातलंच एक, असं समजून तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

एवढ्यात मास्तर आलेच. शाळेत गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि अजूनही ते दिलेल्या वेळेला दारात उभे राहत. बायको जाऊन चार महिने झाले होते. दवाखान्याने तिच्या वस्तू पुडीत बांधून दिल्या, त्यांत हा खडा बसवलेलं गळ्यातलं पदक होतं. ते मुलीला द्यायचं होतं. पण खोटी वस्तू तिच्या गळ्यात घालणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"खरा आहे," ती म्हणाली.

मास्तर बसले नाहीत. "मग हिरवा कसा झाला? मी घेतला तेव्हा निळाशार होता. दोन वर्षांत रंग गेला. दुकानदाराने काच माथी मारली, काढून टाक, असं मी तिला हजारदा सांगितलं."

"काच हिरवी होत नसते, मास्तर," बाबा म्हणाले. "काचेला कशाचं सोयरसुतक नसतं. पिरोजा अंगाचं तेल पितो, घाम पितो. पूर्वी घोडेस्वार तो लगामाला बांधायचे. मालकावर संकट आलं की खडा रंग बदलतो, असं म्हणायचे. संकटाचं मला ठाऊक नाही. पण माणसाच्या अंगावर राहिला की बदलतो, हे मी या हातांनी पाहिलंय. डबीत ठेवला असतात तर आजही निळाच असता."

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली.

तिला मात्र वेगळीच शंका छळत होती. "बाबा, पण अंगाला लागते ती खड्याची पाठ. तीच आधी हिरवी होते. हा दोन्हीकडून सारखाच हिरवा कसा होता?"

मास्तरांनी हात पुढे केला, तेव्हा तिने खडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला.

"मीच म्हणालो होतो, चारचौघांत घालू नकोस, लोक हसतील. तेव्हापासून ती तो कपड्यांच्या आत, अंगालगत घालायची. मला वाटायचं, तिला लाज वाटते म्हणून."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. तिला चाकाकडे बघवेना. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईचं इतक्या वर्षांचं अंग तिने सकाळच्या प्रहरी, चहा निवायच्या आत, चाकाच्या पाण्याबरोबर वाहवून टाकलं होतं. तिला स्वतःचा संताप आला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "अर्धा घासून झालाय. आता उरलेलाही निळा केला तर निदान एकसारखा दिसेल."

"नको," मास्तर म्हणाले.

"पण तुमची मुलगी विचारेल ना, असा दोन रंगांचा कसा म्हणून."

मास्तरांनी निळ्या भागावर बोट टेकवलं.

"सांगेन तिला," ते म्हणाले. "एवढाच मी दिला होता."