टोपीवालीचं रवण

रीताच्या हाताला आता यश राहिलं नाही, ही आवई तिच्या सासरच्या गावात उठवली ती तिच्या सख्ख्या भावानं. हे तिला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, ती मग खाली उतरलीच नाही.

त्या गावात हाताला किंमत होती. कोंबडी खुडूक होऊन उबवणीला बसली की तिच्याखाली अंडी कुणीही उठून ठेवत नसे. जिच्या हातचं रवण, उबवायला ठेवलेल्या अंड्यांची खेप, गार जात नाही, म्हणजे सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघतात, अशा बाईला बोलावणं जायचं. टोपलीत धानाची तणस घालायची, मेघ गरजले तरी आतला जीव दचकू नये म्हणून तणसात लोखंडाचा खिळा ठेवायचा, अंड्यावर कोळशाची रेघ ओढायची आणि मग एकेक अंडं कोंबडीच्या पोटाखाली सरकवायचं. तलावाकाठच्या त्या ढिवरांच्या वस्तीत रीता लग्न होऊन आली आणि बघता बघता घराघरातून तिलाच हाक येऊ लागली. तिचा नवरा अमर म्हणायचा, की तलावातली मासोळी माझी आणि अंगणातली कोंबडी हिची.

हा हात तिला बापाकडून आला होता. इस्तारी सिंदेवाहीला मजुरी करायचा, पण त्याचा जीव कोंबड्यांत. एकदा नागपूरच्या बाजारातून त्यानं टोपीवाल्या कोंबड्यांची जोडी आणली. अंग काळंभोर आणि डोक्यावर पांढऱ्या पिसांचा असा झुबका, की बिचारीला समोरचा दाणा दिसू नये. लोक पोट धरून हसले. इस्तारीनं डोळ्यांवरची पिसं कातरली, चंद्रपूरकडच्या त्या मरणाच्या उन्हाळ्यात खुराड्यावर ओली पोती टाकून त्यांना जगवलं, आणि वर्षानुवर्षं निवडून निवडून ती जात राखली. जाताना सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, की यातली एक जोडी रीताची.

बाप गेला आणि रीताच्या धाकट्या भावानं, स्वप्निलनं, मोबाइलवर त्या कोंबड्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. हैदराबादहून फोन येऊ लागले. रीता आपली जोडी मागायला गेली, तेव्हा भाऊ तिच्याशी साखरेत घोळून बोलला. जोडी कशाला, बाई, एसटीत गुदमरून मरेल. अंडी घेऊन जा, तुझा हात तर बाबांसारखा. त्यानं स्वतः अंडी निवडून फडक्यात बांधून दिली. रीताला वाटलं, भाऊ असावा तर असा.

ते रवण गार गेलं. दुसऱ्यांदा अंडी आणली, तीही गार. स्वप्निल फोनवर चुकचुकला आणि बाजाराला आलेल्या तिच्या गावच्या बायांना सांगत सुटला, की आमच्या बाईचा हात उतरला, बाबांची जात तिला मानवत नाही. मग गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावणं यायचं थांबलं. शेजारची बुधरी रीताशिवाय टोपलीला हात लावत नसे. तीही एक दिवस खुडूक कोंबडी काखेत मारून रीताच्या दारावरून पलीकडच्या घरी गेली, आणि जाताना तिनं मान वळवली नाही. ते रीताला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

तिसऱ्यांदा तिनं डोकं चालवलं. भावाच्या अंड्यांत आपल्या देशी कोंबडीची अंडी मिसळली आणि सगळी एकाच कोंबडीखाली ठेवली. देशी सगळ्यांतून पिल्लं निघाली. टोपीवालीच्या एकातूनही नाही. हात तोच, कोंबडी तीच, टोपली तीच. मग तिनं टोपीवालीची ती पांढरी अंडी उन्हात नेऊन फिरवून फिरवून पाहिली. प्रत्येकाच्या बोथट टोकाला एक चमकता ठिपका होता. नखानं खरवडला तर नेलपॉलिशची पातळ पापडी निघाली आणि तिच्याखाली सुईचं भोक.

हात उतरल्याचं बाजारात कोण सांगत होतं, तेही मग तिनं बायांकडून काढून घेतलं. बायको रडेल म्हणून अमर जवळ येऊन बसला. ती रडली नाही. तिनं भावाला अशा शिव्या दिल्या की तलावावर जाळं टाकणाऱ्यांनी माना वळवून पाहिलं. सुई खुपसलेल्या अंड्यावर आपली कोंबडी दाणापाणी सोडून बसली, पार वाळून काडी झाली, आणि आपण आपल्याच हाताला दोष देत राहिलो, याचा तिला सगळ्यांत जास्त संताप आला. घरातली गोष्ट आहे, सोडून दे, असं अमर म्हणाला. तिनं त्यातली दोन अंडी धुऊन जपून ठेवली.

तेवढ्यात स्वप्निलला मुलगा झाला. बारशाला आत्या लागते, तिच्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आणि आत्या होती एकच. बोलावणं आलं तेव्हा रीता चांगलं लुगडं नेसली आणि ती दोन अंडी तिनं पिशवीत घातली.

पाळणा फुलांनी सजवला होता. स्वप्निलची बायको आचल नटून बसली होती. बायांचं गाणं म्हणून झालं, आत्याच्या पाठीत धपाटे घालायला त्या हात वर करून उभ्या राहिल्या. रीता पाळण्यावर वाकली आणि तशीच सरळ झाली. आधी माझं द्या, म्हणाली. बाया हसल्या, कारण आत्यानं अडून बसायचं हा रिवाजच. स्वप्निलनं हौसेनं साडी पुढे केली. रीतानं ती बाजूला ठेवली आणि बाबा काय बोलून गेले ते ऐकवलं. स्वप्निल हसत म्हणाला, की हात्तिच्या, पाहिजे तेवढी अंडी ने.

रीतानं पिशवीतून अंडं काढलं आणि आईच्या, वच्छलाबाईच्या हातात ठेवलं.

"माय, याच्या बोथट टोकाले नख लावून पाय."

वच्छलाबाईनं नख लावलं नाही. अंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. न पाहताच तिनं ते पदराखाली घेतलं, आणि रीताला काय कळायचं ते कळलं.

"तुले ठाऊक होतं."

"तो इथी राहाते, रीता," म्हातारी हळूच म्हणाली. "मले त्याच्यापाशीच दिवस काढाचे हायेत."

रीताच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला. दुसरं अंडं तिनं बायांकडे दिलं. ते हातोहात फिरलं, पापडी निघाली, भोक दिसलं आणि कुजबुज सुरू झाली. आचल आपली रंगवलेली नखं पदरात लपवू लागली. स्वप्निलला मात्र लाज अशी शिवलीच नाही.

"धंद्यात असंच असते, बाई. अंडं घराबाहेर गेलं का जात गेली. मी सगळ्याइलेच असं देतो."

"मी तुही गिऱ्हाईक हावो काय? आन माहा हात उतरला म्हून गावभर काऊन सांगत राह्यला?"

रीता उत्तरासाठी थांबलीच नाही. ती मागच्या अंगणात गेली. तिथं खुराड्याशेजारी हैदराबादच्या माणसाला पिल्लं विकायची म्हणून बसवलेलं रवण होतं, आणि या अंड्यांना भोक असायचं काही कारण नव्हतं. कोंबडीसकट टोपली उचलून तिनं ती पाळण्याच्या पायाशी आणून ठेवली. स्वप्निल पुढे सरसावला. सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या, तो थांबला. वाटेत गार होतील सगळी, एवढंच पुटपुटला.

मग ती पाळण्यावर वाकली. लेकराचा काय गुन्हा? भावानं ठरवलेलं विहान हे नाव तिनं त्याच्या कानात नीट सांगितलं. पाठीत धपाटे पडले, ते तिनं सोसले. जेवायला मात्र ती थांबली नाही. एसटीत टोपली मांडीवर घेऊन, वर पदर झाकून ती घरी आली. त्या रवणातली दोन अंडी वाया गेली. बाकी सगळी फुटली, आणि ओल्या पिल्लांच्या डोक्यावर पांढरा झुबका घरात शिरणाऱ्याला दारातूनच दिसत होता. बुधरी बघायला आली आणि ओशाळून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

पिल्लांच्या कोंबड्या झाल्या, अंड्यावर आल्या. अमरला वाटलं, आता आपणही व्हिडिओ टाकू. रीतानं साफ नकार दिला. मागायला येईल त्याला ती अंडी देऊ लागली. बुधरीला पहिली दिली. मग वस्तीला, मग शेजारच्या गावांना. बोलावलं तर स्वतः जाऊन खिळा ठेवायची, कोळशाची रेघ ओढायची, पोटाखाली अंडं सरकवायची. कुणी मोबदला विचारला तर म्हणायची, की पिल्लं निघाली की पुढची अंडी अजून कुणाला तरी दे. लोक तिला मोठ्या मनाची म्हणू लागले. मन मोठं वगैरे काही नव्हतं. राग मोठा होता.

दोन वर्षांत सिंदेवाहीपासून मूल तालुक्यापर्यंत उकिरड्या-उकिरड्यावर टोप्या डुलू लागल्या. तेव्हा एक दिवस स्वप्निलचा फोन आला. गिऱ्हाईक तोंडावर हसते, म्हणाला. हे कोंबडं तर आमच्या गल्लीत फिरते, म्हणते. बाई, तू बाबाची जात मातीत घातली.

रीता तेव्हा बुधरीच्या अंगणात टोपलीपुढे बसली होती. तिनं हातातलं अंडं आधी नीट कोंबडीखाली सरकवलं.

"तुले पायजेन तर तूही घेऊन जा," ती म्हणाली. "उन्हात धरून पाय. एकालेही भोक नाई."