पाच बटणं कमी

नगरपालिकेच्या समितीतल्या पाच जणांना गटाराच्या उघड्या चेंबरपाशी उभं राहायचं नव्हतं. तसं त्यांनी कागदावर लिहूनच कळवलं होतं, ‘आरोग्याच्या कारणास्तव’ असे शब्द घालून. मग गाळ ओढणाऱ्या खऱ्या गाडीऐवजी तिची छोटी प्रतिकृती सभागृहात टेबलावर दाखवायचं ठरलं आणि गॅरेजच्या साहेबांना आमच्या दादाची बहीण, म्हणजे मी, आठवली.

मी प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या गाड्या करते. बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानाची दर्शनी काच माझ्याकडे असते. नुसत्या ढकलायच्या गाड्या मला आवडत नाहीत. दिव्याच्या खांबाची गाडी केली तर तिचा पाळणा वर जाताना कलता कामा नये, आतला माणूस ताठच उभा राहिला पाहिजे. खड्डे पाडायच्या गाडीचं गिरमीट खरंच फिरलं पाहिजे, माती बाहेर आली पाहिजे. काचेला मुलं नाक लावतात, पण जास्त वेळ रेंगाळतात ते त्यांचे बाप.

दादा ड्रेनेजच्या सक्शनच्या गाडीवर मदतनीस आहे. मदतनीस म्हणजे काय, तर गाडीची नळी जिथे पोचत नाही तिथे दादा पोचतो. चेंबर वरून अरुंद असतं आणि खाली एका अंगाला पोटासारखं फुगलेलं असतं. नळी सरळ खाली जाते, समोरचं ओढते. बाजूच्या पोटात साचलेला गाळ तसाच राहतो. तो काढायला माणूस उतरतो. कामगारांनी वर्षभर मागणी लावून धरली होती की नळीच्या टोकाला वळणारी सोंड बसवा, म्हणजे कोणाला उतरायला नको. समिती हो म्हणाली तर सोंड येणार होती आणि नाही म्हणाली तर दादा उतरत राहणार होता. इतकं सरळ होतं ते.

लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. मला दादाची किळस यायची. तो घरी आला की मोरीत तासभर अंग घासायचा, तरी मला तो वास येतच राहायचा, कधी कधी तो घरात नसतानाही यायचा. त्याचा साबण वेगळा, पंचा वेगळा, दोरीवर त्याच्या कपड्यांची जागा वेगळी. हे सगळं मी केलेलं, वहिनीने नाही. पाण्याचा पेला मी त्याच्यासमोर ठेवायची आणि हात मागे घेतल्यावर तो उचलायचा. बारा वर्षांत आमचा हा हिशेब एकदाही चुकला नाही. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि मीही ते माझ्या सोवळ्यावर खपवलं.

गाडी करायला घेतली तेव्हा मात्र तोच माझ्यासमोर बसला. एक बटण म्हणजे खरी एक वीत, असं माप मी धरलं. बटण म्हणजे ठोकळ्यावरचा तो छोटा गोल उंचवटा. आम्ही सगळं त्यावरच मोजतो. गाडी छत्तीस बटणं लांब झाली. ठोकळ्यांच्या टाकीतून हवा निसटते, म्हणून आत खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली बसवली आणि तिच्या बुडाशी बॅटरीवरचा पंखा. नळी उचलणाऱ्या हाताला साधं दातेरी चाक लावलं तर तो नळीच्या वजनाने खाली यायचा. मग स्क्रूसारखं आट्यांचं चाक लावलं. ते हात फिरवू देतं, पण मागे घसरू देत नाही.

“आमच्या गाडीचा हात घसरतो,” दादा म्हणाला. “तुझी गाडी आमच्या गाडीपेक्षा बरी आहे, चिमणे.”

“मग घसरता करू का?”

“नको, राहू दे. साहेबांना तेवढंच सुख.”

चेंबरही केलं, सोळा बटणं खोल, एका बाजूने उघडं, म्हणजे आतलं दिसावं. आता गाळ हवा होता. मी मोहरी घातली. सुर्र करून नळीने ती ओढून घेतली. मला फार आनंद झाला.

दादा हसला. “असा गाळ असता तर मी शिट्टी वाजवत घरी आलो असतो.” तो उठला. चहाचा चोथा आणला, वहिनीच्या फणीतले केस आणले, भांडी पुसायचं तेलकट फडकं कातरलं, सगळं बशीत कालवलं आणि त्याचा गोळा चेंबरच्या पोटात बोटाने नीट थापला.

“शी! जेवायच्या टेबलावर?” वहिनी ओरडली. “आणि ते केस माझे आहेत ना?”

“तुझेच. गावभरचे मी काढतो, आज घरचे घातले.”

मी एका हाताने नाक दाबलं. दुसऱ्याने पंखा सुरू केला. नळी खाली गेली, तळाचं थोडं ओढलं आणि थांबली. पोटातला गोळा जागचा हलला नाही. मी मोजलं. पाच बटणं कमी पडत होती. कुठे चुकलं म्हणून पुन्हा मोजलं.

“चुकलं नाही,” दादा म्हणाला. दुकानात विकतात तसला, पिवळ्या तोंडाचा ठोकळ्यांचा माणूस त्याने उचलला आणि त्या घाणीत मांडीपर्यंत खोचून उभा केला. “ती पाच बटणं म्हणजे मी.”

त्या पिवळ्या तोंडावर छापलेलं हसू होतं. मी उठून खिडकीपाशी गेले.

दोन दिवसांनी साहेब गाडी बघायला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात सुवासिक रुमाल. त्यांनी नळी वरखाली करून पाहिली, टाळी वाजवली आणि मग बशीतलं कालवण दिसताच रुमाल काढला.

“ताई, हे काय हो? गाळ म्हणून निळे मणी घाला. दिसायला छान दिसतील.”

“गाळ निळा नसतो.”

“ते आपल्याला माहीत. आणि ही नळी कोपऱ्यापर्यंत का जात नाही?”

“खरी जात नाही म्हणून.”

“खरी इथे आणायचीच नाहीये ना.” ते खूप गोड बोलत होते. “चारपाच बटणं वाढवून टाका. मागच्या वर्षी मी लिहून दिलंय, आपल्याकडे एकही माणूस आत उतरत नाही. आता मॉडेलनेच वेगळं दाखवलं तर माझं तोंड कुठे राहील? शेवटी खेळणंच आहे.”

दादा दाराशी उभा होता. एकही माणूस उतरत नाही, असं लिहिणाऱ्यासमोर तो माणूस उभा होता, आणि साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच तो हात रुमालाकडे वळवला. मला शिसारी आली. आणि लगेच आठवलं, की हात मागे घ्यायची ही तऱ्हा माझीच आहे.

सकाळी अंघोळीनंतर तासभर माझं मौन असतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्या वेळात कोणी मला काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी दादा नेमका तेव्हा येऊन बसला.

“तू बोलत नाहीस ना, म्हणून आत्ता बोलतो. नाहीतर तुझ्यापुढे मला शब्द फुटत नाही. साहेबांनी मला ड्रायव्हरची जागा देतो म्हटलंय. गाडी चालवायची, वरच बसायचं. फक्त ती नळी कोपऱ्यापर्यंत गेली पाहिजे. एवढं कर.”

मी मान खाली घालून बसले होते.

“मला माहीत आहे तुला काय म्हणायचंय. माझ्या जागी दुसरा उतरेल. उतरेल. दोन पोरं नवीन आलीत, बावीस-तेवीसची. पण चिमणे, मी बेचाळीसचा आहे. मागच्या महिन्यात खाली डोळ्यांपुढे अंधारी आली, ते तुझ्या वहिनीला सांगितलेलं नाही. आणि तुझ्या हातून एकदा पेला घ्यावा असं मलाही वाटतं गं.”

तो उठून गेला. माझं मौन संपायला अजून अर्धा तास होता. तो मी कसा काढला ते माझं मलाच माहीत.

वहिनीने दुपारी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. “पाच प्लास्टिकच्या तुकड्यांनी नवरा वर येत असेल तर मी तुमच्या पाया पडते, वन्सं. तुमच्या पुण्याला काय धाड भरलीय? देव काय बटणं मोजत बसलाय?”

मी बटणं वाढवली. नळीच्या टोकाला पाच बटणं लांबीचा वाकडा तुकडा जोडला. निळे मणी घातले. पंखा लावला आणि नळी वाकून कोपऱ्यात शिरली. टपटप करत मणी बाटलीत गेले. चेंबर लख्ख झालं. इतकं सुंदर काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. आणि मला जे ओकारीसारखं दाटून आलं, ते त्या केसांच्या आणि चोथ्याच्या गोळ्याने आलं नव्हतं. मी हात धुतले. परत धुतले. मणी स्वच्छ होते, ठोकळे स्वच्छ होते, धुण्यासारखं हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

समितीच्या दिवशी सभागृहात अत्तर मारलं होतं. टेबलावर पांढरी चादर, बशांमध्ये बिस्किटं, मध्ये माझी गाडी. समितीचे म्हातारे अध्यक्ष गाडीकडे बघून मुलासारखे खुलले. साहेबांनी स्वतः कळ दाबली. नळी उतरली, वळली, मणी उडाले.

“पाहिलंत,” साहेब म्हणाले. “कोपरासुद्धा सुटत नाही. माणूस उतरण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे नव्या सोंडेचीही गरज नाही.”

“वा! वा!” अध्यक्षांनी बिस्कीट तोंडात टाकलं. “माझ्या नातवाला अशी एक कराल का हो बाई? मात्र त्याला मणी लाल लागतील.”

सगळे हसले. माझा दादा भिंतीपाशी धुतलेल्या शर्टात उभा होता, तोही हसला. ठोकळ्यांच्या माणसाच्या तोंडावर छापतात तसलं हसू होतं ते.

समितीत एक इंजिनिअर बाई होत्या. त्या हसल्या नव्हत्या. चष्मा वर सारून त्या वाकल्या आणि मला म्हणाल्या, “हे मापात आहे ना?”

एवढाच प्रश्न. साहेब चटकन म्हणाले, “अगदी मापात.” पण बाई माझ्याकडे बघत होत्या. मीही एकदाच दादाकडे बघितलं. त्याने मान हलवली, नको म्हणून. मी हातांनी खोटं करून बसले होते. तोंडाने मात्र ते निघेना.

“बाकी सगळं मापात आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान, त्यात तो आणखी बसला. “नळी नाही.”

वाकडा तुकडा मी काढून चादरीवर ठेवला. पंखा लावला. नळी सरळ खाली गेली, समोरचे मणी ओढले आणि थांबली. कोपऱ्यातले निळे मणी तिथेच चमकत राहिले.

“खेळण्याचं काय एवढं मनावर घेता, ताई,” साहेब हसत म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

“मग कोपऱ्यातलं कोण काढतं?” बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी बिस्किटाचा चुरा झटकला. मला वाटलं, आता साहेबच काहीतरी गुंडाळतील. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

“मी काढतो, मॅडम.”

त्या दिवशी निर्णय झाला नाही. बाई अडून बसल्या, की खऱ्या चेंबरचं माप घेतल्याशिवाय सही करणार नाही. बाहेर आल्यावर साहेब दादाला एवढंच म्हणाले, “तुझी केबिन बहिणीने घालवली बरं का.” वाटेत दादा माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. घरी वहिनी बोलली. “असली धर्मशील नणंद जिच्या घरी, तिला शत्रू कशाला हवा?” मी ऐकून घेतलं. तिचं काय चुकलं होतं?

सोमवारी सकाळी बाजारामागच्या गल्लीत चेंबर उघडलं. समितीतल्या बाई एकट्याच आल्या, नाकाला काही न लावता. साहेब लांब गाडीच्या आडोशाला, रुमालात तोंड खुपसून. बाईंनी अर्धा तास आत हवा सोडायला लावली, वायू मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडलं, न जाणो म्हणून कमरेचा पट्टा आणि दोरही आणायला लावला. पट्टा गॅरेजात होता, कोऱ्या घड्यांसकट.

बाईंनी फीत काढली. नळीच्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजायचं होतं. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की फितीचं दुसरं टोक खाली धरायला कोणीतरी हवं.

दोन नवीन पोरं एकमेकांकडे बघू लागली. दादाने शर्ट काढला, माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला आणि पट्टा बांधून घेतला. बाईंचा चेहरा पडला. “नको, आपण दुसरी काही युक्ती…” त्या म्हणाल्या.

“दुसरी असती तर तुम्ही इथं कशाला आला असता, मॅडम?” दादा म्हणाला आणि उतरला.

वास वर आला. मी काठावर उभी होते. आत काळं, चिकट काहीतरी त्याच्या मांड्यांना लागत हलल्याचा आवाज आला. मी मागे सरले नाही. दोर धरलेल्या पोराच्या मागे मीही दोराला हात लावला. फीत सरसर खाली गेली, ताणली गेली, थांबली.

“एक मीटर चौदा!” खालून आवाज आला.

बाईंनी वहीत लिहिलं. आकडा खोडून पुन्हा नीट लिहिला. म्हणजे पाच विती, माझी पाच बटणं.

“लिहिलं का?” दादा खालून ओरडला. “नीट लिहा, मी परत सांगायला येणार नाही. लिहिलं असेल तर ओढा मला वर.”