कळपातली हाक

मंदीच्या त्या वर्षी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या चौथ्या मजल्यावर काम नसलेली माणसं नुसती बसवून ठेवली होती. आयटीवाले याला ‘बेंचवर असणं’ म्हणतात. नाव शाळेतलं, पण इथे नापास झालेल्याला पुन्हा बसू देत नाहीत. दर शुक्रवारी एचआरची बाई दारात यायची, गोड हसून कुणाला तरी बोलवायची, आणि तो माणूस परत जागेवर दिसायचा नाही. शेजाऱ्याचं नाव निघालं की बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकायचे. सुरुवातीला त्याची लाज वाटायची. पुढे तीही वाटेनाशी झाली.

याच बेंचवरच्या चेतनचे वडील दशरथराव प्राणिसंग्रहालयातून निवृत्त झालेले. जेवताना एकदा ते म्हणाले, “जंगलात वाघ दिसला की झाडावरचं वानर ओरडतं, म्हणून खालची हरणं वाचतात. पण चारा आटला की तीच हरणं एकमेकांच्या पोटात शिंगं खुपसतात.” चेतननं बेंचबद्दल घरी अवाक्षर काढलं नव्हतं. पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे हे वडिलांनी विश्रांतवाडीतल्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

बेंचवरही अशी एक हाक होती. क्लायंटच्या फोनवरच्या मुलाखतीतून बाहेर आलेल्यानं पुढच्याला प्रश्न सांगायचे. हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

त्या गुरुवारी जागा दोन होत्या आणि माणसं तीन: मैत्री, चेतन आणि कामरान. मैत्री पहिली बाहेर आली. “सहा महिने काय केलंत, हेच विचारतोय,” ती चेतनच्या कानाशी पुटपुटली. “बेंचवर होतो म्हणालास की कटलास. कंपनीसाठी इंटर्नल टूल बनवत होतो म्हण. मीही तेच सांगितलं.”

चेतन आत गेला आणि तसंच म्हणाला. पलीकडचा आवाज लगेच मवाळ झाला.

बाहेर कामरान उभा होता. रोज्यामुळे ओठ सुकलेले. “काय विचारतोय रे?”

जागा दोन, माणसं तीन. चेतननं त्याच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं. “विशेष काही नाही. खरं ते सांग. त्याला प्रामाणिक माणसं आवडतात.”

“थँक्स यार,” कामरान त्याच्या खांद्यावर थोपटून आत गेला.

चेतनला स्वतःची किळस आली. तरी तो कँटीनमध्ये गेला आणि भरलेली ताटली पुढ्यात ओढून, कुणी हिसकावून घेईल अशा घाईनं, मान खाली घालून खात सुटला.

तो वर आला तेव्हा कामरान मैत्रीपाशी उभा राहून हसत होता.

“चेतन, मस्त झाला इंटरव्ह्यू! सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, सहा महिने मी आणि चेतन शेजारी शेजारी नुसते बसून असतो. त्यानं विचारलं, इंटर्नल टूल वगैरे? म्हटलं, छे, आम्ही दोघांनी तर काहीच बनवलं नाही. मग तुझं नाव त्यानं दोनदा विचारून घेतलं. तुझं काम झालं बघ!”

चेतननं आशेनं मैत्रीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं तिनं कामरानची बाही धरली होती.

“माझं नाव नाही ना घेतलंस?” एवढंच तिनं विचारलं.