कोंडीबा मग धुळा

मी हेळव्याची चोपडी बोलतेय. दुकानदाराची नव्हे, बरं का. मला उघडलं की धान्याचा भाव निघत नाही, माणसं निघतात. कोण कुणाचा, कोण कुठून उठून कुठे गेला, कुणाचं देवक काय, सगळं माझ्या पोटात आहे. एवढं पोटात असलं की थोडा गर्व होतोच, तो तुम्ही चालवून घ्या.

सोलापूरच्या बाजारात मला लाल कापडात शिवलं आणि कल्लप्पा हेळव्याच्या आजोबाने विकत घेतलं. हेळवी म्हणजे बैलावर बसून घंटा वाजवत गावोगाव फिरणारा आणि ठरलेल्या घरांच्या पिढ्या सांगणारा माणूस. घरात कोण जन्मलं ते लिहून घ्यायचं, जुनी नावं वाचून दाखवायची, पायली-दोन पायली जोंधळे घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. माणसांची एक गंमत मी या फिरतीतच पाहिली. स्वतःच्या पणजोबाचं नाव कुणाला म्हणून आठवत नाही, पण माझ्यातून ते वाचलं की सगळे 'व्हय, व्हय' म्हणत अशी मान डोलावतात, जणू कालच त्याच्याशी बोलून आलेत.

आजोबा अक्कलकोटकडचे. अक्षर मोडी, पण भाषा कानडी. त्यांच्यामागे कल्लप्पाचा बाप सांगोल्याकडे फिरू लागला आणि त्याने माझी पुढची पानं मराठीत भरली. अक्षर तेच, मोडीच. कानडी कुठे संपते आणि मराठी कुठे सुरू होते याची खूण दोघांनीही केली नाही. वाचणारे आपणच आहोत, असं त्यांना वाटलं असेल. बाप अचानक गेला आणि मी अशी खिचडी होऊन कल्लप्पाच्या हाती आले.

सन चौतीसच्या माघात सांगोल्याजवळच्या येडूने त्याला बोलावणं धाडलं. येडू मेंढरं राखणारा. त्याची लेक मायाक्का हिची सोयरीक कुंभारीच्या रावजीच्या मुलाशी, बिरप्पाशी, जुळत आली होती. बिरप्पा सोलापूरला गिरणीत जायचा. दोघांची पसंती होती, अडचण एकच होती. रावजीचे वाडवडील मोठ्या दुष्काळात मेंढरं मेल्यावर याच मुलखातून उठून गेलेले. आजाचं नाव धुळा, एवढंच रावजीला ठाऊक. देवक कोणतं, भावकी कोण, काही माहीत नाही. दोन्ही घरं एकाच भावकीची निघाली तर नवरा-नवरी बहीण-भाऊ ठरणार आणि लग्न मोडणार. म्हणून धुळ्याचं मूळ शोधायचं होतं.

येडूच्या अंगणात घोंगडं अंथरलं. रावजीही कुंभारीहून आला होता. कल्लप्पाने मला कपाळाला लावलं आणि पानं उलटत उलटत एका ओळीवर बोट ठेवलं.

"घावला की. कोंडीबा मग धुळा."

"कोंडीबा माजा आजा," येडू म्हणाला. "पर मग म्हंजे? फुडं काय?"

कल्लप्पाचा चेहरा उतरला. "आमच्या कानडीत मग म्हंजे ल्योक. धुळा कोंडीबाचा ल्योक हाय."

कानडी बोलणाऱ्या कुंभारीत राहून रावजीलाही ती भाषा येत होती. "व्हय, मग म्हंजे ल्योकच," तो खाली मान घालून म्हणाला. "दुष्काळात घर सोडून गेलेल्याचं नाव कोन काढतंय? म्हनून तुमच्यात म्हाईत न्हाय."

जाणकार दोन आणि दोघांचं एकमत, तिथे कोण काय बोलणार? येडूने कपाळाला हात लावला. दाराआड मायाक्काचं मुसमुसणं मला इथवर ऐकू येत होतं.

माझा जीव नुसता तळमळत होता. अरे, ते पान कल्लप्पाच्या बापाचं, मराठीतलं! ते लिहिलं त्या दिवशी माळावर मेंढक्यांचा तळ पडला होता. नावं सांगायला आधी कोंडीबा आला, मग धुळा आला. बापाने आल्या क्रमाने नावं टिपली आणि त्याखाली एकेकाची हकिकत लिहिली. पण मला तोंड नाही. आणि माणसांचं असं असतं की ज्याची भीती वाटते ते सापडलं की ती पुढचं वाचतच नाहीत. कल्लप्पा मला मिटायला लागला.

येडूची आई केराबाई कडेला लोकर कातत बसली होती. दुष्काळानंतर ती या घरात आली, त्यामुळे धुळा तिने कधी पाहिला नव्हता. तिला कानडी येत नव्हती, वाचायला तर मुळीच येत नव्हतं.

"मिटू नगंस," ती म्हणाली. "म्होरं काय लिवलंय?"

"म्होरं काय आसनार, आय? धुळा मग शिवबाई."

केराबाईने हातातली चाती खाली ठेवली. "शिवबाई कुनाचा ल्योक?"

कल्लप्पाने ती ओळ पुन्हा वाचली. हसू आधी रावजीला फुटलं, मग सगळं अंगण हसायला लागलं. बाईमाणूस कुणाचा ल्योक कसा होईल? कल्लप्पा कान पकडून खालच्या ओळींवर गेला. कोंडीबाचं देवक उंबर. धुळ्याचा बाप सोमलिंग, देवक रुई. दोन घरं, दोन देवकं, लग्नाला वाट मोकळी. 'सोमलिंग, सोमलिंग' असं रावजी स्वतःशीच म्हणून बघत होता. पन्नाशीजवळ आलेल्या माणसाला त्या दिवशी पणजोबा मिळाला.

"ही शिवबाई कोन रं?" केराबाईने विचारलं.

"रांडमुंड बाई. घरात बापय न्हवता, म्हनून सोता येऊन नाव सांगून गेली. न्हायतर बायांची नावं आमी लिवत न्हाय."

"मग म्या हाय का तुज्या चोपडीत?"

कल्लप्पाने पान काढलं. "हाय की. येडूची आय."

"त्ये काय नाव हाय?"

त्याने बोरू शाईत बुडवला आणि लिहिलं: केराबाई, माहेर करकंब, बाप आप्पा.

"वाच."

त्याने वाचलं. ती ऐकत राहिली.

"आजून येकदा वाच."

लग्न थाटात झालं. त्यालाही आता चार वर्षं झाली. माझा कागद दुमडला की तुटतो, म्हणून कल्लप्पा मला नव्या वहीत उतरवून घेतोय. कानडीची पानं वेगळी, मराठीची वेगळी. माझं आता फारसं काम उरलं नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. तुमच्याकडे अशी एखादी वही असेल तर एका ओळीवर घाबरून मिटू नका. आणि घरातल्या म्हातारीचं नाव, ती ऐकायला आहे तोवर लिहा.

केराबाई गेल्या श्रावणात गेली. येडूच्या अंगणात पिढ्या वाचताना तिचं नाव आलं की कल्लप्पा थांबतो आणि कुणी सांगितलेलं नसताना ते पुन्हा एकदा वाचतो.