पांढरीला दिलेलं आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या बेला गावात बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल काय, न बोलावताही गव्हाणीशी येतो. पण माणसानं म्हणायचं असतं, आणि म्हटलं की पाळायचं असतं. माझं तिथंच चुकलं.

सहा वर्षं मी ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका राखीव रानात जनावरांसाठी पाणी भरायच्या कामावर होतो. रान कसलं, झाड औषधालाही नव्हतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू, मध्ये मिठानं पांढरी पडलेली जमीन. काळ्या मातीत कापूस पिकवणारा माणूस मी. पहिले चार महिने त्या वाळूला नुसत्या शिव्या घातल्या. मग एका पहाटे समुद्रावरून धुकं आलं. बुटक्या झुडपांच्या काट्यांवरून पाणी टपकायला लागलं आणि हरणं येऊन ते चाटू लागली. पलीकडे खाऱ्या पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. त्या दिवसापासून माझ्या शिव्या बंद झाल्या.

तिथला मानाचा प्राणी ओरिक्स. गाईपेक्षा लहान, पांढराशुभ्र, शिंगं भाल्यासारखी सरळ. त्यातल्या एकीची आई मेली आणि दोन दिवसांचं, डाव्या कानाला चीर असलेलं बदामी वासरू माझ्या हाती आलं. बाटलीनं दूध पाजून वाढवलं. अंग पांढरं झालं तशी मी तिला पांढरी म्हणू लागलो. साहेबांनी बजावलं होतं, हिला कळपाबरोबर सोडायचंय. त्याआधी महिनाभर हात लावायचा नाही, एक शब्द बोलायचा नाही. माणसाची ओढ राहिली तर ती माणसामागे जाईल, आणि कुंपणाबाहेर शिकारीही असतात.

एकोणतीस दिवस मी मुका राहिलो. तिसावा दिवस नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. घरी माझी बायको सुवर्णा एकटीच बैलांना हळद लावत असेल, असं मनात आलं. मी डब्यातलं तूप घेतलं, पांढरीच्या खांद्याला चोळलं आणि म्हणून बसलो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. कळप वाळूत निघून गेला. पांढरी दहा पावलं गेली, वळली आणि सरळ येऊन माझा हात हुंगू लागली. जेवायलाच आली होती ती. मी ओरडलो, हात उगारला, हलेना. शेवटी दगड उचलला. पहिला पायाशी पडला. दुसरा खांद्यावर बसला, तूप लावलेल्या खांद्यावरच.

ती गेली. त्यानंतर तीन वर्षं मी तिथं होतो, पण पाणवठ्यावर मला सकाळी तिच्या खुरांचे ठसेच तेवढे दिसायचे.

यंदा मी कायमचा घरी आलो. आज संध्याकाळी बैलाच्या खांद्यावर हात ठेवला, पण शब्द फुटेना. तेवढ्यात नागेशचा व्हिडिओ आला. हा बोथ गावचा, तिकडे ओमानात माझ्याच जागी लागलाय. धुकं, मिठाची जमीन आणि डाव्या कानाला चीर असलेली पांढरी. तिच्या कुशीला बदामी वासरू! मी सात वेळा पाहिला.

"सवतीले काऊन इतकं पाहून राह्यले?" सुवर्णा म्हणाली. "पाहा, पण डोळे पुसून पाहा."

मग नागेशचा फोन आला. "महिपत, तुया आवाज भरून पाठव. पान्यापाशी लावतो. वळते का पाहू."

मला तेच तर हवं होतं. तिनं एकदा वळून पाहावं, बाकी काही नको. गोठ्यामागं जाऊन मी आवतणाचे शब्द फोनमध्ये भरले आणि ऐकले. आवाज अगदी तोच होता. ती आली असती. वासराला घेऊन आली असती. मग त्या वासराला दगड कोणी मारायचा?

मी ते पुसून टाकलं. नागेशला लिहिलं, "तिच्याशी बोलू नको. दिसली तं लपून बस."

गोठ्यात आलो. सुवर्णानं तुपाची वाटी पुढं केली. मी बैलाच्या खांद्याला तूप चोळलं आणि हळूच म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला रडू फुटलं.