उशिरा येणाऱ्यांसाठी टाळ्या

राजीव देवस्थळी जपानहून येऊन आठ महिने झाले होते, पण त्याच्या तोंडून जपान काही जात नव्हतं. आमची बस मस्कतमधल्या कुरुमहून सुटली आणि अल् खुवैर मागे पडायच्या आत त्याने माइक ताब्यात घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसपेक्षा उंच बर्फाच्या भिंती, उतरत्या गवती छपरांची जुनी गावं, हातात झेंडी घेऊन पुढे चालणारा गाइड, सगळं पुन्हा एकदा ऐकावं लागलं.

"आणि डिसिप्लिन! बस वेळेवर म्हणजे वेळेवर. आपल्या लोकांना हे कधी जमणार?" असं म्हणून तो हसला, आणि आपले लोकही हसले.

आमचं मराठी मंडळ जबल शम्सच्या डोंगरावर निघालं होतं. जानेवारीत वर बर्फ पडलं होतं आणि अर्धं मस्कत ते बघायला लोटलं होतं. मी मंगला, मंडळाची सेक्रेटरी, फटकळ म्हणून प्रसिद्ध. माझे अहो सहम गावी ड्युटीवर अडकले, म्हणून माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिथे राजीवची बायको नयना येऊन बसली. त्यांची नऊ वर्षांची सावनी मागे मुलांमध्ये इंग्रजीत किलबिलत होती.

"कसं होतं गं जपान?" मी विचारलं.

"छान होतं."  माइकवर राजीवचा आवाज चढला तशी ती हळूच म्हणाली, "तिथल्या एका घरात मधोमध चूल पेटली होती, ताई. बघत उभी राहिले. बसला पाच-दहा मिनिटं उशीर झाला."

"मग?"

तिने स्वेटरची बाही थोडी वर केली. मनगटाचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं. "हॉटेलवर गेल्यावर. सगळ्यांना सांगितलं, बाथरूममध्ये पडले."

भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं तिने. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सोड त्याला, असं मी म्हणून गेले. ती म्हणाली, "व्हिसा त्यांच्या नावावर आहे. सावनीचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे. आज उशीर झाला नाही म्हणजे मिळवली."

एवढंच तिचं मागणं. त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना. बर्फ गेलं चुलीत, नयनाला वेळेवर बसमध्ये बसवायचं, एवढंच माझं त्या दिवशीचं काम होतं.

वाटेत मिस्फात गाव बघायचं होतं. डोंगराच्या कडेला चिकटलेली दगडमातीची घरं, खाली खजुराच्या बागा, आणि गल्ल्यांतून वाहणारा पाण्याचा पाट, ज्याला इथे फलज म्हणतात. सहलीचं सगळं बघणाऱ्या आमच्या आशुतोषने जाहीर केलं, "दुपारची अजान व्हायच्या आत बसमध्ये. खाली हमराला आपल्याला वर न्यायच्या जीप थांबल्यात. यल्ला, चला!"

आमच्या मंडळाचा एक जुना रिवाज आहे. उशिरा आलेला माणूस बसमध्ये चढला की सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या आणि त्याला शिक्षा द्यायची. गाणं, नाच, उखाणा, काहीही. मागच्या वर्षी आशुतोषला सगळ्यांसमोर लावणी करावी लागली होती. हसून हसून पोटं दुखली होती आमची.

मी नयनाला सावलीसारखी धरून होते. पण सावनी पाटाच्या कडेवरून चालायला गेली आणि कमरेपर्यंत पाण्यात. थंडी अशी, की पोरीचे दात वाजायला लागले. सफिया नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने ते दारातून पाहिलं आणि काही न विचारता दोघींना घरात घेतलं. नयनाने एकदा मशिदीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"तुम्ही पुढे व्हा ताई. बस थांबवा. हिचे कपडे बदलले की आलेच."

मी धापा टाकत पायऱ्या चढले. आशुतोषला बाजूला घेऊन सांगितलं, आज टाळ्या नकोत. तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम, ताई. सेक्रेटरीच असं म्हणाल्यावर कसं व्हायचं?" राजीव दाराशी उभा होता. अजान सुरू झाली, संपली. त्याच्या जबड्याचा स्नायू उडत होता, बाकी चेहरा हसरा.

नयना पळत आली. सावनीच्या अंगावर कुठल्यातरी ओमानी मुलीचा भरजरी झगा होता. दोघी चढल्या आणि बस टाळ्यांनी दणाणली. "शिक्षा! शिक्षा!" मी ओरडत होते की थांबा, पण माझं ऐकतो कोण.

"शिक्षा मी देणार," राजीव माइकवर म्हणाला. "माझं होम डिपार्टमेंट आहे ते. कान धरून उठाबशा."

लोक खिदळले. नयनाने कान धरले. ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली. लोक तालावर टाळ्या देत होते. मग ती सीटच्या दांड्याला धरून थांबली आणि नवऱ्याला अगदी हळू म्हणाली, "बास ना. सावनी बघतेय."

त्याने माइक तिच्या तोंडावर मारला. तो आवाज स्पीकरमधून सगळ्या बसभर झाला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तिचा ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवरून स्वेटरवर उतरलं. तिसऱ्यांदा त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं दांड्यावर आपटलं. टाळ्या थांबल्या होत्या. पण वीस माणसांतला एकही जागचा हलला नाही.

माझ्या हातात चहाचा स्टीलचा थर्मास होता. मी पुढे झाले आणि भरला थर्मास त्याच्या कपाळावर घातला. तो वळला, तर कानशिलावर दुसरा घातला. तो दाराच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. मी त्याच्यामागे उतरत होते. तिसरा घालणार होते, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात पाठीमागून दोघांनी माझे दंड धरले. राजीवला धरायला एक माणूस उठला नव्हता, मला धरायला उठले.

राजीव रुमालाने कपाळ दाबत चढला. "केस करतो. जेलमध्ये सडशील, म्हातारे. डिपोर्ट करतील तुला."

आशुतोष मध्ये पडला. "कुणाची केस नको. पार्किंगमध्ये पोलिसांची गाडी आहे. राजीव पायरीवरून घसरला, वहिनीपण घसरल्या. घरातली गोष्ट घरात. खलास."

राजीवने क्षणभर हिशेब केला आणि मान डोलावली. सौदा पक्का झाला. मी गप्प बसले तर माझी नोकरी, माझा व्हिसा, इथला तेवीस वर्षांचा संसार शाबूत. आणि नयना संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी जाणार होती. मला भीती वाटली, चांगलीच वाटली.

आरडाओरडा ऐकून पोलीस आलाच. तरुण ओमानी पोरगा, हिंदी बरं बोलत होता. "क्या हुआ इधर?"

"स्लिप हुआ," राजीव म्हणाला. "मैं भी, वाइफ भी."

सगळ्या बसने माना डोलावल्या. पोलिसाने नयनाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पोचा पडलेल्या थर्मासकडे.

"मैंने मारा इसको," मी म्हटलं. "ये बीवी को मारता है, इसलिए मारा. दोनों बात लिखो."

 पोलिसाने नयनाला विचारलं, ये सच है? आशुतोष मागून पुटपुटला, "वहिनी, विचार करा. सावनीचा विचार करा."

नयनाने सावनीला जवळ ओढलं. मग दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. काळेनिळे वळ बघून पोलीस अर्धा पाऊल मागे सरला. तिने मनगटावर बोट ठेवलं. "ये जपान का है." मग दंडाजवळ. "ये पिछले हफ्ते का." मग फाटलेल्या ओठाला बोट लावलं. "और ये अभी का. सबने देखा है."

कुणी खाली बघत होतं, कुणी खिडकीबाहेर.

पोलिसाने आणखी एक गाडी बोलावली; राजीवला एका गाडीत घातलं, आम्हा तिघींना दुसरीत. मलाही जबाब द्यायचा होता, आणि व्हिसा राहील की जाईल हे तो पोलीसही सांगू शकत नव्हता. इन्शाल्ला म्हणाला आणि त्याने दार लावलं. नयनाने माझा हात हातात घेतला. 

मागच्या काचेतून मी बघत होते. बस वळली आणि बर्फ बघायला निघून गेली. जीप ठरल्या होत्या ना. माझे हात अजून शिवशिवत होते, पण आता राजीवसाठी नव्हे, त्या बसमधल्या टाळ्या पिटणाऱ्यांसाठी.